टाइमकोड ते फ्रेम नंबर आणि परत: हिशेब नेमका कुठे घसरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: व्हिडिओ एडिटरमधून मार्करचे टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असे आकडे) बाहेर काढले, पायथनमध्ये त्यांचे फ्रेम नंबर आणि सेकंद केले आणि एफएफएमपेगला (व्हिडिओ कापण्या-बदलण्याचं कमांडलाइन साधन) देऊन क्लिप कापल्या. फाईल २९.९७ ची, म्हणजे सेकंदाला २९.९७ फ्रेमची आहे. पहिल्या काही क्लिप बरोबर वाटतात, पण तासाभराच्या पुढचे सगळे कट साडेतीन सेकंदांच्या आसपास आधीच पडतात, शिवाय अधूनमधून एखादी फ्रेम इकडेतिकडे होते. फंक्शनमधलं गणित असं आहे की तास, मिनिट, सेकंद सगळ्याचे मिळून सेकंद करायचे, त्याला २९.९७ ने गुणायचं आणि शेवटी फ्रेमचा आकडा मिळवायचा.

नीट मोजलंत तर तो फरक साडेतीन नाही, ३.६ सेकंद निघेल. हा आकडा ओळखीचा आहे, २९.९७ च्या कामात तासाला ३.६ सेकंद किंवा १०८ फ्रेमचा फरक दिसला की समजायचं की कुठेतरी टाइमकोडला घड्याळाची वेळ समजलं गेलंय किंवा ड्रॉप आणि नॉन-ड्रॉप (टाइमकोड मोजायच्या दोन पद्धती, त्या पुढे येतात) एकमेकांत मिसळलेत. तुमच्या बाबतीत पहिलं झालंय.

मूळ मुद्दा एवढाच आहे की टाइमकोड म्हणजे वेळ नाही, ते फ्रेमला दिलेलं नाव आहे. दिसायला घड्याळासारखं दिसतं म्हणून आपण त्याला घड्याळ समजून गुणाकार करायला जातो. कोडमध्ये या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना तीन वेगळ्या टाइपमध्येच ठेवा: एक फ्रेम नंबर, तो कायम पूर्णांक, दुसरा टाइमकोड, तो फक्त आत येताना आणि बाहेर जाताना, माणसाला वाचायला, आणि तिसरी खरी वेळ सेकंदांत, ती अपूर्णांकाच्या रूपात म्हणजे अंश आणि छेद वेगळे ठेवून. टाइमकोडवरून थेट सेकंदांवर कधीच उडी मारायची नाही, मधे फ्रेम नंबरावर थांबायचंच. एवढी एक शिस्त पाळली की निम्मे बग जन्मालाच येत नाहीत, हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण या विषयातला जो काही गोंधळ मी इतरांच्या कोडमध्ये निस्तरलाय त्यातला बहुतेक इथेच सुरू झालेला असतो.

तुमचा फॉर्म्युला पहिल्या सेकंदातच कसा मोडतो ते बघा. ००:००:००:२९ घेतला तर सेकंद शून्य, फ्रेम २९, उत्तर २९. बरोबर. आता त्याच्या लगेच पुढचा टाइमकोड ००:००:०१:००, त्याचं उत्तर १ गुणिले २९.९७, इंटिजर केलं की परत २९. दोन वेगळ्या फ्रेमना एकच नंबर मिळाला. खरं उत्तर ३० आहे, कारण टाइमकोडमधला एक सेकंद म्हणजे ३० नावं, ० ते २९, त्यात पॉइंट सत्त्याण्णव कुठेच येत नाही. नावं मोजताना ३०, वेळ मोजताना २९.९७, हे दोन आकडे वेगळ्या कामाचे आहेत.

हा २९.९७ आला कुठून तेही पाहून घ्या, कारण त्यातूनच पुढचा १००१ येतो. अमेरिकेत १९५३ मध्ये एनटीएससी या प्रक्षेपण मानकाचा रंगीत टीव्ही ठरला तेव्हा रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत अडकून चित्रात जाळी दिसू नये म्हणून ओळींची फ्रिक्वेन्सी किंचित कमी केली, आवाजाच्या ४५,००,००० हर्ट्झला २८६ ने भागून येईल तेवढी. एका फ्रेममध्ये ५२५ ओळी. म्हणजे फ्रेम रेट ४५,००,००० भागिले (२८६ × ५२५), खाली येतात १,५०,१५०, वर-खाली १५० ने छेद द्या, उरतं ३००००/१००१. हाच खरा रेट. २९.९७ हे त्याचं बोलायचं नाव आहे, खरी किंमत २९.९७००२९९७... अशी चालूच राहते. २३.९७६ म्हणजे २४०००/१००१ आणि ५९.९४ म्हणजे ६००००/१००१. कोडमध्ये रेट कायम याच रूपात ठेवा, पायथनमध्ये त्यासाठी फ्रॅक्शन आयतं आहे.

तर नॉन-ड्रॉपचा, म्हणजे एकही नंबर न गाळता मोजण्याचा, हिशेब अगदी सरळ (फ्र म्हणजे टाइमकोडमधला शेवटचा, फ्रेमचा आकडा):

फ्रेम = (तास × ३६०० + मिनिट × ६० + सेकंद) × ३० + फ्र

आणि खऱ्या वेळेसाठी त्यानंतर:

वेळ = फ्रेम × १००१ ÷ ३००००

०१:००:००:०० नॉन-ड्रॉप घातला की फ्रेम १,०८,०००, आणि वेळ ३६०३.६ सेकंद. तुम्ही एफएफएमपेगला ३६०० दिले, तो ३.६ सेकंद आधी कापतोय, त्याची काही चूक नाही. २५ आणि नेमक्या २४ किंवा ३० च्या फाईलमध्ये हा प्रश्नच येत नाही, तिथे नाव आणि वेळ जुळतात, म्हणूनच ज्यांनी आयुष्यभर २५ वर काम केलंय त्यांचं फंक्शन वर्षानुवर्षं बरोबर चालतं आणि पहिली २९.९७ ची फाईल आली की कोसळतं. २३.९७६ ला वरचाच फॉर्म्युला, ३० च्या जागी २४ आणि छेदात २४०००. २३.९७६ ला ड्रॉप फ्रेम वापरात नाही, त्यामुळे तिथे तासाला ३.६ सेकंदांचा फरक तसाच राहतो आणि तो राहणारच आहे.

आता ड्रॉप फ्रेम. नॉन-ड्रॉप टाइमकोड घड्याळाच्या मागे पडतो, तासाला १०८ फ्रेमनी, आणि प्रक्षेपणाचं वेळापत्रक घड्याळावर चालतं, म्हणून युक्ती अशी काढली की प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे दोन नंबर द्यायचेच नाहीत, फक्त दर दहाव्या मिनिटाला, म्हणजे ००, १०, २०, ३०, ४०, ५० ला, द्यायचे. तासात ५४ मिनिटांना दोन-दोन, एकूण १०८. चित्रातली एकही फ्रेम जात नाही. वहीच्या पानांना नंबर टाकताना दोन आकडे गाळले तर पानं फाटत नाहीत, तसंच. हे इतकं स्पष्ट सांगायचं कारण म्हणजे मी असा कोड पाहिलाय जो ड्रॉप फ्रेम दिसली की खरंच फ्रेम टाकून देतो.

टाइमकोडवरून फ्रेमवर यायचं तर:

एकूण मिनिटं = तास × ६० + मिनिट
फ्रेम = (एकूण मिनिटं × ६० + सेकंद) × ३० + फ्र − २ × (एकूण मिनिटं − एकूण मिनिटं ÷ १०)

इथला ÷ पूर्णांक भागाकार आहे, बाकी सोडून द्यायची. ०१:००:००;०० घालून बघा: १,०८,००० वजा २ × (६० − ६) म्हणजे १०८, उत्तर १,०७,८९२. वेळ काढली तर ३५९९.९९६४ सेकंद, घड्याळाशी जवळपास चिकटून. अगदी तंतोतंत नाही हं, दिवसभरात साधारण ८६ मिलिसेकंद म्हणजे अडीच-पावणेतीन फ्रेमचा फरक उरतोच, कारण ड्रॉप फ्रेमचं गणित २९.९७ ला तंतोतंत बसतं आणि खरा रेट त्याहून दहा लाखात एक एवढा जास्त आहे. म्हणून चोवीस तास सलग चालणाऱ्या यंत्रणेत ड्रॉप फ्रेमलासुद्धा घड्याळ समजून चालत नाही, रोज एकदा जुळवून घ्यावं लागतं.

उलट दिशा थोडी त्रासदायक आहे आणि चुका तिथेच जास्त होतात. दहा मिनिटांत १७,९८२ फ्रेम येतात. त्यातल्या पहिल्या मिनिटात पूर्ण १८००, बाकीच्या नऊमध्ये १७९८ प्रत्येकी. तर आधी दहा-दहा मिनिटांचे गठ्ठे काढायचे, मग उरलेल्यात किती मिनिटं ओलांडली ते बघायचं, आणि गाळलेले नंबर परत मिळवून साध्या ३० च्या पद्धतीने लिहायचं:

गठ्ठे = फ्रेम ÷ १७९८२
उरले = फ्रेम मधून ते गठ्ठे काढून राहिलेली बाकी
भर = १८ × गठ्ठे
उरले २ किंवा जास्त असेल तर भर मध्ये आणखी २ × ((उरले − २) ÷ १७९८) मिळवा
नवा आकडा = फ्रेम + भर

मग नव्या आकड्याचे तास-मिनिट-सेकंद-फ्रेम नेहमीसारखे ३० ने पाडायचे. ते वजा दोन का, हे बऱ्याच जणांना कळत नाही आणि ते काढून टाकतात, म्हणून एका मिनिटाची सीमा हाताने करून बघू. फ्रेम १७९९: उरले १७९९, वजा २ म्हणजे १७९७, १७९८ ने भागून शून्य, भर शून्य, लिहिलं की ००:००:५९;२९. पुढची फ्रेम १८००: वजा २ म्हणजे १७९८, भागून एक, भर दोन, नवा आकडा १८०२, लिहिलं की ००:०१:००;०२. बरोब्बर जागेवर. आता वजा दोन काढून करा, फ्रेम १७९८ लाच भर दोन येते, १८०० होतं आणि ००:०१:००;०० हे नाव तयार होतं, जे ड्रॉप फ्रेममध्ये अस्तित्वातच नाही. पहिलं मिनिट १८०० चं आहे आणि बाकीची १७९८ ची, तो दोनाचा फरक त्या वजा दोनने झेललाय. आणि उरले ० किंवा १ असताना ती अट हवीच, कारण पायथनमध्ये ऋण दोनला १७९८ ने पूर्णांक भागलं की शून्य नाही, ऋण एक येतं, म्हणजे १७,९८२ वी फ्रेम, जिचं नाव ००:१०:००;०० असायला हवं, ती दोन नंबर मागे जाऊन ००:०९:५९;२८ होते. जावास्क्रिप्टमध्ये भागाकारानंतर ट्रंक केलं (अपूर्णांक छाटला) तर शून्य येतं आणि फ्लोअर केलं (खालच्या पूर्णांकावर नेलं) तर ऋण एक, तेव्हा एका भाषेतून दुसरीत उचलताना इथे डोळे उघडे ठेवा.

५९.९४ ला तेच, फक्त दोनाऐवजी चार नंबर गळतात, दहा मिनिटं ३५,९६४ ची आणि मिनिट ३५९६ चं. आकडे कोडमध्ये ठोकून लिहिण्यापेक्षा नावांचा रेट, म्हणजे ३० किंवा ६०, त्याला १५ ने भागून गळणारे नंबर काढा आणि बाकी सगळं त्यावरून येऊ द्या.

आता समजा कोणी तुमच्या फंक्शनला ००:०१:००;०० दिलाच. फॉर्म्युला तक्रार करत नाही, १८०० वजा २, उत्तर १७९८ देऊन मोकळा होतो, आणि १७९८ हे तर ००:००:५९;२८ चं घर आहे. कट दोन फ्रेम मागे गेला आणि कुणाला पत्ता नाही. माझं मत असं की इथे सरळ एरर फेकावी. पुढच्या खऱ्या नावावर म्हणजे ;०२ वर सरकवणं हाही एक मार्ग आहे आणि हाताने टाइप केलेल्या बॉक्समध्ये तो बरा वाटतो, पण फाईलमधून वाचताना असं नाव आलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच असतो, की ती फाईल नॉन-ड्रॉप आहे आणि तुम्ही तिला ड्रॉप समजलात. ही माहिती फार मोलाची आहे, ती गिळून टाकू नका.

ड्रॉप आहे की नॉन-ड्रॉप हे ओळखायचं कसं, तर लिहिताना ड्रॉपला शेवटच्या जोडीआधी सेमीकोलन आणि नॉन-ड्रॉपला कोलन असा रिवाज आहे, काही ठिकाणी सेमीकोलनच्या जागी टिंब किंवा स्वल्पविरामही दिसतो. पण मधल्या एखाद्या स्प्रेडशीटमध्ये किंवा कॉपी-पेस्टमध्ये सेमीकोलनचा कोलन झाला की संपलं, म्हणून फक्त चिन्हावर विसंबू नका. ईडीएलमध्ये (एडिटमधल्या कटांची यादी असलेली मजकुराची फाईल) एफसीएम नावाची ओळ असते, तीत ड्रॉप की नॉन-ड्रॉप ते लिहिलेलं असतं. क्विकटाइमच्या टाइमकोड ट्रॅकमध्ये त्याचा झेंडा असतो आणि तिथे टाइमकोड स्ट्रिंग म्हणून नाही, चक्क फ्रेमचा आकडा म्हणूनच साठवलेला असतो. ज्या फंक्शनला टाइमकोड देताय त्याला रेट आणि ड्रॉप हे दोन्ही सोबत द्यायलाच लावा, डीफॉल्ट ठेवू नका.

तुमचा २९.९७ चा गुणाकार ड्रॉप फ्रेमच्या फाईलवर चालवला असता तर कदाचित लक्षातही आलं नसतं, कारण तिथे तो एक-दोन फ्रेमच्या आतच चुकतो, तासावर तर नेमका बरोबर येतो. ००:००:५९;२९ ला १७९७ देतो, हवे १७९९. ००:०९:००;०२ ला १६,१८५ देतो, हवे १६,१८४. अशा कोडला लोक म्हणतात की कधीकधी एखादी फ्रेम चुकते, बाकी ठीक आहे. ठीक नसतं ते.

रेट दशांशात लिहायचा मोह टाळा असं वर म्हटलं त्याला आकड्यांत किंमत आहे. २९.९७ आणि ३००००/१००१ मधला फरक तासाला एक दशांश फ्रेम, चालून जाईल असं वाटतं. पण बरीच सॉफ्टवेअर २३.९७६ ला २३.९८ असं दाखवतात आणि कोणीतरी तोच आकडा उचलून कोडमध्ये टाकतं, मग तासाला १४ फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त घसरण. एफएफप्रोब (एफएफएमपेगसोबतचं, फाईलची माहिती काढणारं साधन) रेट ३००००/१००१ असाच देतो, त्याचा फ्लोट म्हणजे दशांश संख्या करू नका, तसाच फ्रॅक्शनमध्ये घ्या. आणि २५ सारख्या साध्या रेटलाही फ्लोट दगा देतो: ४.६ सेकंद गुणिले २५ म्हणजे ११५, पण फ्लोटमध्ये ते ११४.९९९९९९९९९९९९९९ येतं आणि इंटिजर केलं की ११४. अधूनमधून एक फ्रेम इकडेतिकडे होते म्हणालात ना, ती बऱ्याचदा ही असते.

पण फ्लोट काढून टाकला तरी राउंड करायचं की फ्लोअर हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर वेळ कुठून आली यावर आहे. प्लेअरमध्ये कर्सर कुठेतरी थांबलाय आणि त्या क्षणी पडद्यावर कोणती फ्रेम आहे हे हवंय, तर फ्लोअर. पण वेळ जर कधीकाळी फ्रेमवरूनच काढलेली असेल आणि मधे मिलिसेकंदांत गोल केली गेली असेल, तर राउंड. फ्रेम नंबर १ घ्या, २९.९७ ला ती ३३.३६६७ मिलिसेकंदांवर सुरू होते. सबटायटलच्या एसआरटी फाईलमध्ये मिलिसेकंदांपर्यंतच लिहितात, तिथे ३३ लिहिलं गेलं. परत वाचून रेटने गुणलं तर ०.९८९, फ्लोअर केलं की शून्य, एक फ्रेम मागे. फ्रेम २ मात्र ६६.७३ ची ६७ झाली होती, ती फ्लोअरनेही बरोबर येते. म्हणून हा बग काही सबटायटलना होतो आणि काहींना नाही, आणि लोक डोकं धरून बसतात. एका फ्रेमची लांबी ३३ मिलिसेकंद आणि गोल करण्यातली चूक जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद, तेव्हा राउंडने कायम योग्य फ्रेमच मिळते.

एफएफएमपेगकडे वळू. त्याच्या एसएस ऑप्शनला जी वेळ देता ती फाईलच्या सुरुवातीपासूनची असते, टाइमकोडची नाही. फाईलचा पहिला टाइमकोड ०१:००:००:०० असेल, जे फार सर्रास असतं, तर आधी दोन्ही टाइमकोडचे फ्रेम नंबर काढून वजाबाकी करा आणि जी फ्रेम येईल तिची वेळ काढा. वजाबाकी फ्रेममध्येच, तासातून तास आणि मिनिटातून मिनिट अशी नको, ड्रॉप फ्रेममध्ये ती हमखास चुकते. एफएफप्रोबच्या मेटाडेटात सुरुवातीचा टाइमकोड मिळतो. दुसरं, एन्कोड करून कापताना एफएफएमपेग दिलेल्या वेळेच्या आधीच्या फ्रेम टाकून देतो, त्यामुळे तुमची वेळ गोल होऊन केसभर जरी पुढे गेली तरी हवी ती फ्रेमच जाते आणि क्लिप पुढच्या फ्रेमपासून सुरू होते. यावर मी अर्धी फ्रेम आधीची वेळ देतो, (फ्रेम − ०.५) × १००१ ÷ ३००००, शून्याच्या खाली जाऊ न देता, म्हणजे दोन्ही बाजूला अर्ध्या फ्रेमची मोकळीक राहते. किंवा ट्रिम फिल्टरला थेट स्टार्ट फ्रेम आणि एंड फ्रेमच द्या, वेळेचा संबंधच नको, फक्त मोठ्या फाईलमध्ये ते हळू चालतं कारण सुरुवातीपासून सगळं डीकोड होतं. आणि एन्कोड न करता कोडेक कॉपीने कापत असाल तर कट कीफ्रेमवरच (ज्या फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात त्यांच्यावरच) बसणार, तिथे टाइमकोडच्या गणिताला दोष देऊन उपयोग नाही.

एंड फ्रेमबद्दल एक गोष्ट. ट्रिममध्ये एंड फ्रेम म्हणजे टाकून द्यायची पहिली फ्रेम, ती क्लिपमध्ये येत नाही. ईडीएलचा आउट पॉइंटही तसाच. पण बऱ्याच एडिटरमध्ये माणूस आउट मारतो तो शेवटच्या दिसणाऱ्या फ्रेमवर, ती क्लिपमध्ये धरलेली असते. मार्करची यादी कुठल्या पद्धतीची आहे ते एकदा छोट्या क्लिपवर तपासा आणि आत येतानाच एक मिळवून सगळं एका पद्धतीत आणा, आत कोडभर शेवट बाहेरचाच ठेवा, म्हणजे लांबी म्हणजे फक्त आउट वजा इन. आणि लांबी दाखवायची तर फ्रेमच्या फरकाचाच टाइमकोड करा.

५० किंवा ५९.९४ च्या फाईलमध्ये आणखी एक खाच आहे. जुन्या ध्वनीट्रॅकवरच्या टाइमकोडमध्ये एका फ्रेमला ८० बिट असतात आणि त्यात फ्रेमच्या दशकस्थानाला दोनच बिट, म्हणजे ३९ च्या पुढे आकडा लिहिताच येत नाही. म्हणून वरच्या रेटना दोन फ्रेमना मिळून एक नाव देण्याची पद्धत आली. त्यामुळे ५९.९४ च्या फाईलचा टाइमकोड ३० च्या मोजणीत असू शकतो, २९ नंतर पुढचा सेकंद. टाइमकोडचा रेट आणि चित्राचा रेट हे कोडमध्ये दोन वेगळे व्हेरिएबल ठेवा, सारखे असले तरी.

कॅमेऱ्याचा टाइमकोड दिवसाच्या वेळेवर चालत असेल तर मध्यरात्री तो शून्यावर येतो. ड्रॉपमध्ये चोवीस तास म्हणजे २५,८९,४०८ फ्रेम, नॉन-ड्रॉपमध्ये २५,९२,०००. जागा दाखवणारा टाइमकोड या आकड्याने मॉड्युलो करा, पण लांबी किंवा ऑफसेट ऋण आला तर त्याला गुंडाळू नका, चिन्ह बाजूला काढून उरलेल्याचा टाइमकोड करा आणि पुढे वजा लावा. आणि सी किंवा जावासारख्या भाषेत ३२ बिटचा इंटिजर वापरत असाल तर फ्रेम गुणिले १००१ हा गुणाकार २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जातो ती फ्रेम २१,४५,३३९ वी, ड्रॉपमध्ये १९:५३:०२;२७. दिवसभर सगळं सुरळीत आणि रात्री आठच्या सुमारास वेळा ऋण यायला लागतात, असा हा बग असतो. ६४ बिट घ्या.

हे सगळं गणित फ्रेम रेट स्थिर आहे असं धरून आहे. फोनवरचं शूटिंग आणि स्क्रीन रेकॉर्डिंग यात बऱ्याचदा फ्रेममधलं अंतर कमीजास्त होत असतं, एफएफप्रोबमध्ये सरासरी रेट आणि मूळ रेट वेगळे दिसले की संशय घ्या. तिथे फ्रेम × १००१ ÷ ३०००० ला काही अर्थ नाही, आणि सरासरी रेटने गुणलं तर घसरण कधी पुढे कधी मागे अशी कशीही जाते. प्रत्येक फ्रेमसोबत तिची स्वतःची वेळ फाईलमध्ये असते, ती एफएफप्रोबने काढून यादी करा आणि त्या यादीत शोधा, किंवा कामाच्या आधीच फाईल स्थिर रेटला बदलून घ्या. एडिटिंगला जाणार असेल तर मी यातला दुसरा मार्गच घेतो.

टेस्टबद्दल आग्रहाने सांगतो. चोवीस तासांच्या सगळ्या २५,८९,४०८ फ्रेम लूपमध्ये घाला, प्रत्येकीचा टाइमकोड करा, परत फ्रेम करा, तोच आकडा आला पाहिजे, साध्या पायथनमध्येही हे फार वेळ घेत नाही. पण फक्त येण्याजाण्यावर थांबू नका, दोन्ही फंक्शन एकसारखी चुकली तर तीही टेस्ट पास होते, म्हणून काही उत्तरं हाताने ठरवलेली ठेवा: १७९९ ला ००:००:५९;२९, १८०० ला ००:०१:००;०२, १७,९८१ ला ००:०९:५९;२९, १७,९८२ ला ००:१०:००;००, १,०७,८९२ ला ०१:००:००;००, आणि २५,८९,४०७ ला २३:५९:५९;२९. ५९.९४ साठी ३५९९ ला ००:००:५९;५९ आणि ३६०० ला ००:०१:००;०४.

लायब्ररी घ्यायची की स्वतः लिहायचं, तर पायथनमध्ये ओपनटाइमलाइनआयओ आहे, ईडीएल वगैरे वाचायचं असेल तर तीच घ्या, उगाच पार्सर लिहीत बसू नका. फक्त रूपांतर हवं असेल तर वरची दोन फंक्शन मिळून तीसेक ओळी होतात आणि त्या तुमच्या हातात राहतात. कुठलीही लायब्ररी घेतलीत तरी वरचे आकडे तिच्यावर आधी चालवा, आणि दोन गोष्टी खास बघा: ००:०१:००;०० दिल्यावर ती काय करते, आणि रेट म्हणून २९.९७ दिल्यावर आत ३००००/१००१ धरते की २९.९७ च धरून बसते.